पठाणकोटहून उडालेला दर्यावर्दी : ॲडमिरल अरुण प्रकाश

वास्कोकर

परवा भाच्याला घेऊन बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात गेलो. बाहेर मोकळ्यावर जुनी विमानं उभी आहेत. भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन आहे, सी हॉक आहे, अलिझे आहे. पण पोरगं थबकलं ते सी हॅरियरपाशी. "मामा, ह्याची चाकं अशी का?" पोटाखाली एकामागे एक, आणि पंखांच्या टोकांजवळ दोन बारकी, लहान मुलांच्या सायकलला लावतात तशी. चाकांचं उत्तर मला देता आलं नाही. मग मी त्याला ती विमानं गोव्यात आली तेव्हाची गोष्ट सांगितली.

१६ डिसेंबर १९८३. मी पाचवीत होतो. इंग्लंडच्या येओव्हिल्टनहून निघालेली पहिली तीन सी हॅरियर माल्टा, लक्सर, दुबई असे मुक्काम करत दाबोळीला उतरली. पुढची काही वर्षं आमच्या घराच्या काचांना त्यांनी स्वस्थ बसू दिलं नाही. इतर जेट डोक्यावरून जातं आणि आवाज मागे सोडून जातं. हे विमान हवेत एका जागी थांबायचं आणि आवाजही तिथेच थांबायचा. आमची आजी त्याला 'उबें रावपी इमान' म्हणायची, म्हणजे उभं राहणारं विमान.

ती तीन विमानं आणणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते कमांडर अरुण प्रकाश. पुढे ३१ जुलै २००४ ला ते नौदलप्रमुख झाले आणि ऑक्टोबर २००६ अखेर निवृत्त होऊन गोव्यातच स्थायिक झाले. तिन्हीसांजेला भाच्याला हे सगळं सांगताना मला त्यांची सगळी कारकीर्द एका ओळीत दिसायला लागली, म्हणून हा धागा.

त्यांच्या नावापुढे वीरचक्र आहे. नौदलाचा माणूस, १९७१ चं युद्ध, त्यामुळे कुणालाही वाटेल की 'विक्रांत' या आपल्या त्या वेळच्या विमानवाहू नौकेवरून उड्डाण केलं असणार. तर नाही. त्या डिसेंबरात 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरची सी हॉक विमानं ४ तारखेपासून कॉक्स बाजार आणि चितगावावर तुटून पडत होती. सी हॉक उडवणारे लेफ्टनंट अरुण प्रकाश मात्र त्या वेळी समुद्रापासून हजारभर किलोमीटर दूर, पठाणकोटला होते. त्या काळी नौदलाचे काही लढाऊ वैमानिक हवाई दलाकडे पाठवले जायचे, तसे ते २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये हंटर विमानावर होते. युद्ध सुरू झालं तेव्हा ते जिथे होते तिथूनच लढले. आपले सोबती आपल्या जहाजावरून लढताहेत, आपण हिमालयाच्या पायथ्याशी दुसऱ्या दलाच्या विमानात बसलोय, हे त्यांना कसं वाटलं असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

हंटर म्हणजे एका माणसाचं, एका इंजिनाचं विमान, नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा. रडारच्या खालून, झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, लक्ष्याजवळ वर उसळी घ्यायची, खाली झेप घ्यायची, तोफा चालवायच्या आणि पळ काढायचा. सगळा खेळ काही सेकंदांचा. अशाच एका फेरीत रावळपिंडीजवळच्या चकलाला तळावर उभ्या विमानांवर त्यांनी मारा केला. त्यात दोन इंजिनांचं एक छोटं बीचक्राफ्ट होतं.

ते विमान चक येगरच्या वापरातलं निघालं. १९४७ मध्ये आवाजाचा वेग ओलांडणारा पहिला माणूस, तोच. तेव्हा तो पाकिस्तानात अमेरिकेचा संरक्षण प्रतिनिधी होता. आपलं विमान जळालेलं पाहून त्याचा असा भडका उडाला की हे भारताने मुद्दाम केलं, वरून हुकूम आला असणार, असं तो पुढे आत्मचरित्रातही लिहून गेला. अरुण प्रकाशांनी नंतर या प्रकरणावर लेख लिहिला. त्यांच्या लेखी तळावर दिसलेल्या विमानांपैकी ते एक होतं, बस्स.

मग हॅरियर. १९७२ मध्येच या जातीच्या विमानाचं प्रात्यक्षिक 'विक्रांत'वर झालं होतं, पण मागणी नोंदवायला १९७९ उजाडलं. म्हणजे ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात त्याने नाव कमावण्याच्या तीन वर्षं आधी. सी हॉक थकली होती आणि 'विक्रांत' लहान होती, दुसरं कुठलं आधुनिक जेट तिच्यावर मावणार? इंजिनाच्या झोताची तोंडं, म्हणजे नोझल, फिरवून उभं उतरणारं विमान हाच त्यातला मार्ग. पण इंग्लंडच्या थंडीत जमतं ते गोव्याच्या उकाड्यात जमेलच असं नाही. गरम हवेत इंजिनाचा जोर घटतो, आणि हवेत उभं राहायचं तर सगळा भार इंजिनावरच. त्यासाठी इंजिनात पाणी फवारायची सोय होती, पण ते पाणी दीड मिनिटाच्या आसपास संपायचं. तेवढ्यात उतरायचं. उतरले नाही तर जड विमान हवेत तोलून धरता येत नाही. गोव्याच्या मेमधल्या दुपारी घामाघूम होऊन पंख्याखाली बसलं की मला त्या दीड मिनिटाची आठवण येते.

'व्हाइट टायगर्स' म्हणजे ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन हॅरियरवर उभी करायचं काम त्यांच्याकडे आलं. ही स्क्वाड्रन मुळात १९६० मध्ये ब्रिटनमध्ये सी हॉकवर सुरू झालेली. दाबोळीला पोचल्यावर चारच दिवसांत, २० डिसेंबरला, हॅरियर 'विक्रांत'वर उतरलं.

यापुढचं भरभर सांगतो, कारण पदांची यादी कुणालाही मिळेल. एका नौदल विमानतळाचं आणि काही युद्धनौकांचं नेतृत्व केलं, त्यात 'विराट' ही विमानवाहू नौकासुद्धा. खडकवासल्याच्या एनडीएचे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे) ते कमांडंट होते. ऑक्टोबर २००१ मध्ये पोर्ट ब्लेअरला अंदमान-निकोबार कमांड सुरू झाली, तिचे पहिले प्रमुख तेच. देशातली ही पहिली कमांड जिथे तिन्ही दलं एका माणसाच्या हाताखाली आली. नौदलप्रमुख होऊन पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. ज्या बेटांचा कारभार नुकताच केला होता तीच बेटं बुडाली. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ वाहून गेला. आपलं घर जळत असताना नौदलाने त्याच दिवशी श्रीलंकेकडे मदत धाडायला सुरुवात केली, मग मालदीव, मग इंडोनेशिया. सागरी सर्वेक्षणाचं 'निरूपक' हे जहाज इस्पितळ बनवून सुमात्राला पाठवलं.

आता माझा मुद्दा. तिन्ही दलांनी एकत्र लढायला हवं, हे वाक्य आपण दर प्रजासत्ताक दिनाला ऐकतो. या माणसाच्या बाबतीत ते भाषण नव्हतं. एनडीएत तिघांबरोबर शिकला, शौर्यपदक हवाई दलाच्या कॉकपिटमध्ये कमावलं, जहाज नौदलाचं चालवलं, कमांड तिघांची सांभाळली. निवृत्तीनंतर हेच तो तळमळीने लिहितो, ते कुणाला खटकत असलं तरी.

जाणकारांनी भर घालावी.

---

निशिगंधा

मस्त लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न. विमानं उडवायला हवाई दल आहे ना? मग नौदलाने वेगळे वैमानिक का ठेवायचे? आणि वैमानिक होता होता माणूस जहाजाचा कप्तान कसा होतो? आमच्याकडे एसटीचा ड्रायव्हर आगारप्रमुख होताना कधी पाहिला नाही. :)

---

जुना_खलाशी

निशिगंधाताई, प्रश्न बाळबोध नाही, मंत्रालयात बसणाऱ्यांनीही विचारलेला आहे.

नौदलाचा वैमानिक आधी नौदलाचा अधिकारी असतो. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथे, रात्रपाळ्या करून वॉचकीपिंगचं प्रमाणपत्र घेतो, मग विमानाकडे जातो. पुढेही मधून मधून समुद्रावर यावंच लागतं. दोन्ही शिड्या एकदम चढायच्या. त्यातली एक सुटली की कमांडरपदाच्या पुढे गाडी अडते.

मी 'विराट'च्या डेकवर काही वर्षं काढली. (अधिकारी नव्हतो, त्यामुळे ॲडमिरलसाहेबांच्या आठवणी विचारू नका. आमच्यासाठी कप्तान म्हणजे लाउडस्पीकरवरचा आवाज.) उड्डाणाआधी आम्ही एका ओळीत उभं राहून डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचो, नजर खाली. एक नट, एक वायरचा तुकडा, कुणाच्या खिशातलं बटण. इंजिनाने ते ओढून घेतलं की संपलं. जहाज वाऱ्याच्या तोंडावर घ्यायचं, मग उड्डाण. हॅरियर डेकच्या पुढच्या टोकाच्या वर चढत जाणाऱ्या घसरगुंडीवरून उडी मारायचं, तिला आम्ही स्की-जंपच म्हणायचो.

उतरतानाची मजा वेगळी. जुन्या 'विक्रांत'वर सी हॉक यायचं ते मागून, शेपटीचा हुक डेकवरच्या तारेत अडकवून. तार चुकली की पुन्हा पूर्ण जोर देऊन वर. हॅरियर तसं येत नाही. ते जहाजाच्या डाव्या बाजूला येऊन समुद्रावर थांबतं, जहाजाच्याच वेगाने बरोबर चालतं, मग खेकड्यासारखं आडवं सरकून डेकवर येतं आणि खाली बसतं. हॅरियरवाले म्हणायचे, बाकीचे आधी उतरतात मग थांबतात, आम्ही आधी थांबतो मग उतरतो.

आणि हे सांगायलाच हवं की त्या विमानांपैकी निम्मी तरी अपघातांत गेली, आणि त्यांच्याबरोबर काही चांगली पोरंही. संग्रहालयात उभं आहे ते वाचलेल्यांपैकी आहे.

---

तिरशिंगराव

लेख चांगला, पण दोन गोष्टी पटल्या नाहीत.

एक, येगरचा किस्सा. तो आपल्या देशात इतका घोटलाय की मूळ माणूस मागे पडला. वीरचक्र काही अमेरिकन जनरलच्या वापरातलं विमान जाळल्याबद्दल मिळत नाही. शत्रूच्या हद्दीत खोल जाऊन पुन्हा पुन्हा हल्ले केले त्याबद्दल मिळालं. येगर चिडला म्हणून आपल्याला गुदगुल्या होतात, त्यात अरुण प्रकाशांचं कर्तृत्व काय?

दोन, तिन्ही दलांचं ऐक्य. एका अधिकाऱ्याच्या बदल्या तशा झाल्या म्हणून व्यवस्था बदलत नाही. अंदमानची कमांड २००१ ला आली, नमुना म्हणून आली, आणि त्या नमुन्यावर बाकी देशात वर्षानुवर्षं काही उभं राहिलं नाही. सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचं काम एकत्र बघणारा प्रमुख, कामावर यायला २०२० उजाडलं. याचा अर्थ नमुना चालला नाही किंवा कुणाला चालवायचा नव्हता. दोन्हींपैकी काहीही असलं तरी लेखातला उत्साह मला थोडा जास्त वाटला.

---

वास्कोकर

तिरशिंगराव, पहिला मुद्दा मान्य. किस्सा आला की माझाही हात सैल सुटतो.

दुसरा अर्धा मान्य. व्यवस्था बदलली नाही हे खरंच आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त कुरकूर कुणी केली असेल तर याच माणसाने. मला म्हणायचं होतं ते एवढंच की त्याची कुरकूर ऐकीव नाही. हवाई दलाची विचारसरणी त्याने हवाई दलाच्या मेसमध्ये बसून पाहिलीय. नौदलात राहून हवाई दलाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्या दलाच्या विमानातून लढून परत आलेले किती?

---

सॅन_दिएगोकर

इथे आमच्या गावात 'मिडवे' ही जुनी विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून उभी आहे. पाहुणे आले की त्यांना दाखवायला नेणं हे इथल्या मराठी मंडळींचं कर्तव्यच. तिथे कळलेली एक गोष्ट निशिगंधाच्या प्रश्नाशी जुळते.

अमेरिकेत कायदाच आहे की विमानवाहू नौकेचा कप्तान हवाई शाखेचाच हवा. युद्धाआधीच्या काळात यातून गंमत झाली. ज्यांना अशा नौकेचं नेतृत्व हवं होतं ते पिकलेल्या वयात उडायला शिकले. अर्नेस्ट किंगने ४८ व्या वर्षी वैमानिकाचे पंख मिळवले. विल्यम हॅल्सीने तर १९३५ मध्ये, ५२ व्या वर्षी. विशीतल्या पोरांबरोबर बसून. दोघेही दुसऱ्या महायुद्धात थोर ॲडमिरल झाले.

म्हणजे तिथे ॲडमिरल व्हायला निघालेले वैमानिक झाले, आणि धाग्यातला माणूस वैमानिक म्हणून निघाला तो ॲडमिरल झाला. मला दुसरी वाट जास्त कठीण वाटते. बावन्नाव्या वर्षी उडायला शिकणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण कुठे चाललोय.

---

खडकवासल्याची_पोर

माझे बाबा एनडीएत नागरी कर्मचारी होते, आमचं बालपण सिंहगडच्या पायथ्याशी त्या आवारात गेलं. कमांडंट म्हणजे आमच्यासाठी सुदान ब्लॉक या मुख्य इमारतीसमोरून सावकाश जाणारी एक गाडी. कोणत्या दलाचा साहेब आलाय ते आम्ही गणवेशाच्या रंगावरून ओळखायचो, कारण हे पद कधी भूदलाकडे, कधी नौदलाकडे, कधी हवाई दलाकडे असायचं. पांढरा गणवेश असला की आई म्हणायची, यंदा पीकॉक बेवर, खडकवासल्याच्या पाण्यावर, जास्त होड्या दिसणार. खरंच दिसायच्या का, आता आठवत नाही.

---

शेपूटवाला

लढाऊ विमानांचंच कौतुक चाललंय म्हणून थोडं अवांतर.

अलिझे पाहिलंत ना संग्रहालयात? फ्रेंच बनावटीचं, पंख्याचं, तीन माणसांचं, पाणबुड्या हुडकणारं. १० डिसेंबर १९७१ ला पश्चिम किनाऱ्यावर अशाच एका अलिझेला पाकिस्तानच्या स्टारफायटरने गाठलं. आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान विरुद्ध पंख्याचं. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सहकारी परतले नाहीत. येगरच्या विमानाची गोष्ट शेकडो ठिकाणी वाचायला मिळते, यांची मिळत नाही.

आणि हेलिकॉप्टरवाल्यांना तर कुणी वैमानिकच समजत नाही. २०१९ मध्ये करमबीर सिंग नौदलप्रमुख झाले तेव्हा आमच्या पंगतीत पहिल्यांदा पेढे वाटले गेले. त्या पदावर पोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक.

---

निशिगंधा

शेपूटवाला, अलिझेचं वाचून गप्प झाले.

जुनेकाका, मग असे एकूण किती वैमानिक नौदलप्रमुख झाले?

---

जुना_खलाशी

माझ्या हिशेबाने चार. पहिले ताहिलियानी, १९८४ ते ८७. त्यांचं वैशिष्ट्य असं की १८ मे १९६१ ला 'विक्रांत'च्या डेकवर पहिलं जेट त्यांनीच उतरवलं. जहाज तेव्हा मुंबईला आलंही नव्हतं, ते नोव्हेंबरात आलं. 'विराट' नौदलात आली तीही त्यांच्याच कारकिर्दीत, मे १९८७ ला. मग अरुण प्रकाश, त्यांच्या लगोलग सुरीश मेहता, आणि मग करमबीर सिंग. ताहिलियानी आणि अरुण प्रकाश यांच्या मधली सतरा वर्षं तोफखानेवाले, नेव्हिगेशनवाले, सिग्नलवाले, एक पाणबुडीवाला. त्यातलेही उत्तम होते, नाडकर्णीसाहेब तर आपल्याच माणसांतले.

वास्कोकर, एक राहिलं. २००५ मध्ये माझगाव डॉकमध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधायचा करार झाला, तो अरुण प्रकाश प्रमुख असताना. पहिली 'कलवरी' नौदलात आली २०१७ मध्ये. नौदलप्रमुखाला आपल्या सहीचं फळ बघायचं असेल तर दीर्घायुष्य लागतं.

---

तिरशिंगराव

याला म्हणतात भर. धागा वाचनखूण करून ठेवतोय. येगरवाल्या परिच्छेदाबद्दलचा आक्षेप कायम.

---

वास्कोकर

कायम असू दे, परिच्छेदही कायम आहे. :)

जुनेकाका, भाच्याचा मूळ प्रश्न राहिलाच. पंखांच्या टोकांची ती बारकी चाकं कशासाठी?

---

जुना_खलाशी

हॅरियरच्या इंजिनाची नोझलं पोटाच्या दोन्ही अंगांना असतात, त्यामुळे चाकं नेहमीच्या जागी बसत नाहीत. म्हणून मुख्य चाकं मधोमध एकामागे एक, आणि विमान आडवं कलंडू नये म्हणून टोकांना दोन आधाराची.

इंग्रज त्यांना आउटरिगर म्हणतात. भाच्याला मालवणच्या किनाऱ्यावर ने आणि होडीच्या बाजूला बांधलेलं लाकूड दाखव. आमच्याकडे त्याला उलांडी म्हणतात. विमानाला लावलीय एवढंच.